ऐकले म्हणजे काय? 'शामअ' या हिब्रू क्रियापदाची गोष्ट

मराठीत 'ऐकणे' हे क्रियापद दोन कामे करते. 'मी बातम्या ऐकल्या' या वाक्यात फक्त कानाचे काम आहे. पण 'पोरगं माझं ऐकत नाही' असे आई म्हणते, तेव्हा पोराच्या कानात दोष आहे असे कोणी समजत नाही. तिथे ऐकणे म्हणजे मानणे. उर्दूतही 'वो मेरी नहीं सुनता' याचा अर्थ हाच. संस्कृतात तर याहून पुढची पायरी आहे. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा', आणि रूढ अर्थ सेवा. ज्याला ऐकायचे आहे तो सेवेला उभा राहतो, असा त्या शब्दाचा प्रवास.

मी उर्दू आणि मराठी या दोन भाषा शिकवते. दोन भाषांच्या मध्ये उभे राहिले की तिसऱ्या भाषेचे आवाजही कानावर येऊ लागतात. उर्दूमुळे अरबीची ओळख झाली आणि अरबीच्या दारातून तिच्या बहिणीकडे, म्हणजे हिब्रूकडे, डोकावता आले. त्या भाषेतल्या एका क्रियापदाबद्दल आज लिहायचे आहे. ते क्रियापद म्हणजे 'शामअ'. तौरात आणि बनी इस्राईलच्या इतर नबींची पुस्तके मिळून जो हिब्रू ग्रंथ बनतो, त्यात हे क्रियापद अकराशेहून अधिक वेळा आले आहे.

हिब्रू म्हटले की आज आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर गाझा येते आणि मन कडू होते. ते स्वाभाविक आहे. पण भाषा कोणत्याही सरकारपेक्षा जुनी असते. या भाषेत ज्या नबींची नावे प्रथम लिहिली गेली, तीच नावे आपण आपल्या मुलांना ठेवतो. म्हणून राग बाजूला ठेवून शब्दाकडे पाहावे, एवढीच वाचकांना विनंती.

'शामअ' हा शब्द तीन अक्षरांचा : शीन, मेम, आयिन. अरबीत त्याचे भावंड आहे सीन, मीम, ऐन, म्हणजे 'समिअ'. हिब्रूच्या 'श'च्या जागी अरबीत अनेकदा 'स' येतो. तिकडचे शालोम ते आपले सलाम. तिकडचा लाशोन म्हणजे जीभ, तो आपल्याकडे लिसान. तिकडचे नेफेश, इकडे नफ्स. तिकडे वर्षाला शाना, अरबीत सना, आणि तोच शब्द 'सन १९४७' म्हणताना मराठीच्या जिभेवरही आहे. 'शामअ' आणि 'समिअ' ही त्याच घरातली जोडी. कोर्टातली समाअत, मैफिलीतले सामईन, सूफींचा समाअ आणि अल्लाहच्या नावांपैकी 'अस्-समीअ' हे सगळे या एकाच मुळाचे.

इथे एक सावधगिरी. उर्दूत 'शमा' म्हणजे मेणबत्ती, आणि ती लिहिताना शीन, मीम, ऐन हीच अक्षरे येतात. म्हणजे हिब्रू 'शामअ'शी अक्षरे हुबेहूब जुळतात. पण या दोन शब्दांचे काही नाते नाही. कानाला सारखे वाटते ते अर्थाने सारखे असतेच असे नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता या क्रियापदाच्या अर्थाचा पसारा पाहू. पहिला अर्थ साधा : आवाज कानावर पडणे. बागेत आदमला परमेश्वराची चाहूल लागली, तिथे हेच क्रियापद आहे. दुसरा अर्थ समजणे. बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेत माणसांच्या भाषा वेगळ्या झाल्या आणि एकाचे बोलणे दुसरा 'ऐकेना' असे झाले. लोक बहिरे झाले नव्हते, त्यांना अर्थ लागत नव्हता. हजरत यूसुफ (अ.) यांच्या कथेत तर या अर्थाचा फार सुंदर उपयोग आहे. मिसरमध्ये भाऊ त्यांच्यासमोर उभे आहेत आणि आपापसात जुन्या गुन्ह्याबद्दल बोलत आहेत. मध्ये दुभाषी आहे, त्यामुळे समोरचा अधिकारी आपली भाषा जाणत नाही असे त्यांना वाटते. तौरात सांगते की यूसुफ 'ऐकत' होते हे त्यांना ठाऊक नव्हते. आवाज तर त्यांच्या कानावर पडणारच होता. इथे ऐकणे म्हणजे शब्दन् शब्द कळणे. ते कळल्यावर ते बाजूला जाऊन रडले.

तिसरा अर्थ न्यायाचा. मराठीत खटल्याची 'सुनावणी' होते, उर्दूत 'समाअत'. हिब्रूतही न्यायाधीशाने भावाभावांमधला वाद 'ऐकायचा' असतो. हजरत सुलेमान (अ.) गादीवर आले तेव्हा परमेश्वराने त्यांना हवे ते मागायला सांगितले. त्यांनी दीर्घ आयुष्य मागितले नाही, दौलत मागितली नाही, शत्रूचा जीवही मागितला नाही. त्यांनी 'लेव शोमेअ' मागितले. लेव म्हणजे हृदय आणि शोमेअ म्हणजे ऐकणारे. प्रजेचा न्याय करण्यासाठी ऐकणारे काळीज. अनेक भाषांतरांत याचे 'समंजस मन' किंवा 'विवेकबुद्धी' असे काहीतरी होते. अर्थ चुकत नाही, पण राजाने मागितलेला कान हरवतो.

चौथा अर्थ मानण्याचा. त्यासाठी हिब्रूत बहुधा 'आवाज ऐकणे' अशी रचना येते. हजरत इब्राहीम (अ.) मुलाच्या कुर्बानीला सिद्ध झाले, त्यानंतर त्यांना जी बरकत मिळाली तिचे कारण तौरात हेच देते, की त्यांनी आज्ञा 'ऐकली'. उलट राजा तालूत, म्हणजे बायबलमधला शौल, लढाईनंतर मना केलेली जनावरे राखून ठेवतो आणि सांगतो की ती कुर्बानीसाठी आहेत. तेव्हा नबी शमुवेल त्याला बजावतात की ऐकणे हे कुर्बानीपेक्षा श्रेष्ठ आहे. कर्मकांडाच्या आड न ऐकणे लपवता येत नाही, हा त्या प्रसंगाचा सारांश.

गंमत अशी की 'आज्ञा पाळणे' यासाठी बायबलच्या हिब्रूत वेगळे असे रूढ क्रियापदच नाही. ब्रिटनचे प्रमुख रब्बी राहिलेले जोनाथन सॅक्स यांनी ही गोष्ट वारंवार मांडली. आधुनिक हिब्रूला जेव्हा सैन्यातल्या हुकमासाठी नुसते 'पाळणे' म्हणणारा शब्द लागला, तेव्हा तो अरामी भाषेतून घ्यावा लागला. जुन्या हिब्रूत हुकूम आणि तो पाळणारा यांच्यामध्ये समज उभी असते. ऐकले, समजले, मग मानले, या तिन्ही पायऱ्या एका शब्दात आहेत. लॅटिनमध्येही आज्ञापालनाचा शब्द ऐकण्याच्या शब्दापासूनच घडला, पण पुढे इंग्रजीत तो आला तोवर त्यातला कान कोणाला दिसेनासा झाला. इंग्रजी भाषांतरकाराला दर वेळी ठरवावे लागते की इथे 'ऐकले' लिहू की 'आज्ञा पाळली' लिहू. मराठीला हा पेच कमी पडतो. आपल्या 'ऐकणे'मध्ये दोन्ही आधीपासून आहे. बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करायला पंडिता रमाबाईंनी उतारवयात या दोन भाषा शिकल्या आणि १९२२मध्ये मृत्यू येण्यापूर्वी ते काम पुरे केले. इतर अनेक शब्दांनी त्यांना छळले असेल, पण या एका शब्दापुरती तरी मराठी त्यांच्या बाजूने होती.

हे क्रियापद केवळ धर्मग्रंथाचे नव्हते. ते रोजच्या व्यवहाराचे होते, याचे पुरावे जमिनीतून निघाले आहेत. जेरुसलेममध्ये डोंगराच्या पोटातून पाणी आणणारा एक बोगदा आहे. तो सुमारे ५३३ मीटर लांब असून इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास राजा हिज्कियाच्या काळात खोदला गेला असे मानतात. १८८०मध्ये त्याच्या भिंतीवर एक हिब्रू शिलालेख सापडला. मजुरांच्या दोन टोळ्या दोन टोकांकडून खोदत येत होत्या आणि शेवटचे थोडे हात उरले तेव्हा खडकापलीकडून एकाला दुसऱ्याची हाक ऐकू आली, असे त्यात नोंदवले आहे. लेखाचा तो भाग झिजलेला आहे, पण तिथे याच क्रियापदाचे रूप वाचले जाते. तेव्हा जेरुसलेम उस्मानी राज्यात होते, म्हणून तो दगड आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

दुसरा पुरावा लाखीश या किल्ल्याचा. १९३५मध्ये तिथे खापराच्या तुकड्यांवर शाईने लिहिलेली पत्रे मिळाली. ती बाबिलोनच्या स्वारीच्या काळातली, म्हणजे जेरुसलेम पडण्याच्या आसपासची. हाताखालचा माणूस वरिष्ठाला लिहितो आहे आणि सुरुवातीलाच दुआ देतो आहे की परमेश्वर आपल्याला शालोमची वार्ता ऐकवो. 'ऐकवो' आणि 'वार्ता' हे दोन्ही शब्द त्याने याच मुळापासून घेतले आहेत. शत्रू दारात असताना चांगली बातमी कानावर येणे याहून मोठी दुआ दुसरी कोणती असणार?

आता या क्रियापदाच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. आतापर्यंत माणसाने ऐकायचे होते. पण तौरातमध्ये परमेश्वरही ऐकतो, आणि तो ऐकतो याची सर्वात बोलकी साक्ष एका नावात आहे. ते नाव आपल्या मोहल्ल्यात, आपल्या हजेरीपटावर आहे : इस्माईल.

हिब्रूत ते 'यिश्माएल' असे आहे. 'यिश्मा' म्हणजे तो ऐकतो किंवा ऐकेल, आणि 'एल' म्हणजे ईश्वर. हे नाव म्हणजे क्रियापदासह एक पूर्ण वाक्य आहे. हजरत हाजरा गरोदर असताना रानात एकट्या पडल्या होत्या. तेव्हा फरिश्त्याने त्यांना सांगितले की मुलगा होईल, त्याचे नाव इस्माईल ठेव, कारण परमेश्वराने तुझे दुःख ऐकले आहे. गुलामगिरीतली, परमुलखातली, आसरा नसलेली एक बाई. तिचे ऐकले गेले, आणि ती गोष्ट मुलाच्या नावात कायमची राहिली.

पुढे मुलासह त्यांना घराबाहेर काढले जाते. तौरातच्या या प्रसंगात एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून सहज सुटते. त्या संपूर्ण प्रसंगात मुलाचे नाव एकदाही येत नाही. त्याला 'मुलगा' म्हटले आहे, 'दासीचा मुलगा' म्हटले आहे. पखालीतले पाणी संपते, आई त्याला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते, कारण त्याचा मृत्यू तिला पाहवत नाही. आणि मग वाक्य येते की देवाने मुलाचा आवाज ऐकला. तिथे क्रियापद तेच, 'यिश्मा'. हिब्रू जाणणाऱ्याला न घेतलेले नाव त्या क्रियापदातून ऐकू येते.

आपल्या परंपरेत हाच प्रसंग सफा आणि मरवाच्या मध्ये घडतो. सहीह बुखारीत इब्ने अब्बास यांच्या रिवायतीत तो सविस्तर आहे. सातव्या फेरीच्या शेवटी हाजरांना कसला तरी आवाज येतो. त्या स्वतःलाच गप्प करतात आणि कान देऊन ऐकतात. आवाज पुन्हा येतो. तेव्हा त्या म्हणतात की तू आपला आवाज तर ऐकवलास, आता मदत असेल तर कर. त्या बोलण्यातले अरबी क्रियापदही याच 'समिअ'च्या मुळाचे आहे. नंतर जमजम.

कुरआनमध्ये हजरत इब्राहीम म्हातारपणी इस्माईल आणि इसहाक दिल्याबद्दल अल्लाहचे आभार मानतात. ती आयत सूरह इब्राहीममध्ये आहे आणि तिचा शेवट होतो तो अल्लाह दुआ ऐकणारा आहे यावर. सूरह बकरामध्ये बाप-लेक काब्याचा पाया उभारताना दुआ करतात, तिच्या शेवटीही 'अस्-समीअ' आहे. कुरआन कुठेही थांबून सांगत नाही की इस्माईल या नावाचा अर्थ 'ईश्वर ऐकतो' असा आहे. पण या दोन्ही ठिकाणी त्या नावाच्या शेजारी अर्थ येऊन उभा राहतो. आपण नमाजमध्ये रुकूतून उठताना पहिला शब्द उच्चारतो तो 'समिअ'. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी सांगते की हा शब्द, कोर्टातली समाअत आणि तुमच्या वर्गातला इस्माईल हे एकाच कुटुंबातले आहेत. मुलांचे चेहरे खुलतात. इस्माईलचा तर विशेष.

पण परमेश्वराचे ऐकणे हिब्रू ग्रंथात गृहीत धरता येत नाही. तिथे ते माणसाच्या ऐकण्याशी बांधलेले आहे. विधवा आणि अनाथ यांना छळू नका, त्यांनी हाक मारली तर मी ऐकणारच, असे तौरातचे दुसरे पुस्तक बजावते. 'ऐकणारच' यातला जोर दाखवायला हिब्रूत हे क्रियापद दोनदा ठेवले आहे. यशया नबी लोकांना सांगतात की तुम्ही कितीही प्रार्थना केल्या तरी परमेश्वर ऐकणार नाही, कारण तुमचे हात रक्ताने भरले आहेत. जखऱ्या नबींनी तर हिशेबच मांडला : त्याने हाक मारली तेव्हा यांनी ऐकले नाही, म्हणून यांनी हाक मारली तेव्हा त्यानेही ऐकले नाही. ज्याला दुबळ्याचा आवाज ऐकू येत नाही, त्याची दुआ वर पोचत नाही. हे सत्य एका जमातीपुरते नाही, आणि आजच्या बातम्या वाचताना ते विसरण्याची सवलत कोणालाच नाही, जेरुसलेमच्या राज्यकर्त्यांनाही नाही.

यहुदी धर्माची सर्वात मोठी प्रार्थना याच क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपाने सुरू होते : 'शेमा', म्हणजे ऐक. तौरातच्या पाचव्या पुस्तकात हजरत मूसा (अ.) आपल्या लोकांना हाक मारून सांगतात की परमेश्वर एक आहे. तौहीदची ही घोषणा यहुदी माणूस सकाळी आणि रात्री म्हणतो, आणि मरताना ती ओठांवर असावी अशी इच्छा बाळगतो. हस्तलिखित तौरातमध्ये या वाक्याच्या पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि शेवटच्या शब्दाचे शेवटचे अक्षर मोठे काढतात. पहिले आयिन, दुसरे दालेत. दोन्ही जोडली की हिब्रूत 'साक्षीदार' असा शब्द होतो. आपल्याकडे तौहीदच्या घोषणेला शहादत, म्हणजे साक्ष, म्हणतात हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

या वाक्याचा एक जुना कागद जगाला १९०३च्या सुमारास ठाऊक झाला. मिसरमध्ये विकत घेतलेले ते पपायरसचे तुकडे नॅश पपायरस म्हणून ओळखले जातात आणि केंब्रिज विद्यापीठात आहेत. त्यांवर दहा आज्ञा आणि त्यांच्या खाली शेमा लिहिली आहे. ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचे समजले जातात. १९४७मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहांतली हस्तलिखिते सापडेपर्यंत हिब्रू बायबलच्या मजकुराचा इतका जुना तुकडा दुसरा माहीत नव्हता.

इसवी सन २००च्या सुमारास यहुदी कायद्याचा जो संग्रह सिद्ध झाला, तो मिश्ना. त्याची सुरुवातच या प्रश्नाने होते, की संध्याकाळची शेमा कोणत्या वेळेपासून म्हणावी? पुढे तल्मूदमध्ये आणखी एक वाद येतो. शेमा हिब्रूतच म्हटली पाहिजे का? एका मोठ्या रब्बींचे मत होते की ती लिहिली आहे तशीच म्हणावी. इतर विद्वानांनी उत्तर दिले की आज्ञाच 'ऐक' अशी आहे, तेव्हा जी भाषा तू 'ऐकतोस', म्हणजे तुला समजते, त्या कोणत्याही भाषेत म्हण. मग ते रब्बी 'ऐक'चा काय अर्थ लावत होते? त्यांचे म्हणणे असे की आपले तोंड जे बोलते ते आपल्या कानालाही ऐकू गेले पाहिजे. एका क्रियापदाच्या दोन अर्थांवर हा सारा वाद उभा आहे. समजून म्हणणे महत्त्वाचे की मूळ शब्द जपणे महत्त्वाचे, हा प्रश्न आपल्या मदरशांत आणि घरांत आजही आहे. त्या लोकांनी तो आपल्या आधी विचारला होता.

आणि हा शब्द आपल्या कोकणात पोचला होता. अलिबाग, पेण, रोहा या भागात तेलाचे घाणे चालवणारी एक जमात शतकानुशतके राहत होती. ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. घरात मराठी, अंगावर गावचाच पोशाख, आडनावे किहीमकर, नवगावकर, दिवेकर, पेणकर. ते मुलांची सुन्नत करीत, खवले आणि पर नसलेला मासा खात नसत. हे बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. हिब्रू विसरली गेली. उरले ते शेमाचे शब्द. बारसे असो, लग्न असो की मयत, प्रत्येक प्रसंगी तेच म्हटले जात. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या जमातीचा इतिहास १८९७मध्ये लिहून पुरा केला आणि तो १९३७मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात ही आठवण नोंदवलेली आहे.

याच जमातीतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर, गावच्या बोलीत सामाजी हसाजी, कंपनीच्या सैन्यात होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. बेने इस्राएल परंपरा अशी, की टिपूच्या आईने त्यांची जमात विचारली. उत्तर आले, बेने इस्राएल. कुरआनमध्ये वारंवार येणारे नाव तिने पहिल्यांदाच जिवंत माणसाच्या तोंडून ऐकले, आणि त्यांचा जीव वाचला. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६मध्ये मुंबईत जमातीचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले. लोक त्यालाही मशीदच म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरून पडले असे सांगतात.

पुढे हिब्रू परत आली, तीही मराठीचे बोट धरून. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये बेने इस्राएल मुलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत काढले. १८४६मध्ये मुंबईत आणि १८७४मध्ये पुण्यात वल्हांडण सणाचे पोथीपुस्तक हिब्रू-मराठीत छापले गेले. १९४८नंतर जमातीतले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथे काही रब्बींनी त्यांच्या यहुदी असण्यावरच शंका घेतली. तेव्हा त्यांनी धरणे धरले, आणि १९६४मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. ज्यांनी 'ऐक' हा एक शब्द इतकी शतके जपला, त्यांना आपले ऐकून घ्यायला आपल्याच माणसांसमोर बसावे लागले.

आता त्या आयतीकडे येते, जिच्यामुळे हा विषय लिहावासा वाटला. सूरह बकराच्या ९३व्या आयतीत तूर पर्वताजवळच्या कराराची आठवण आहे. बनी इस्राईलना सांगितले गेले की जे दिले ते घट्ट धरा आणि 'इस्मऊ', ऐका. त्यांचे उत्तर कुरआन दोन शब्दांत देते : 'समिअना व असैना', ऐकले आणि मानले नाही. आपल्याकडे भाषणांत आणि मोबाईलवरच्या संदेशांत ही आयत सर्रास अशी फिरते, की पाहा, या लोकांचा स्वभावच असा.

तौरातमध्ये त्याच प्रसंगी लोकांचे उत्तर काय आहे? पाचव्या पुस्तकात ते आहे 'शामअनू व-असीनू'. मोठ्याने म्हणून पाहा. 'समिअना व असैना'. पहिला शब्द अर्थानेही तोच. दुसरा कानाला जवळजवळ तोच, पण अर्थ उलटा. हिब्रू 'असीनू' म्हणजे 'आम्ही करू'. अरबी 'असैना' म्हणजे 'आम्ही मोडले'. मुळे वेगळी आहेत, शमा आणि शामअ यांची असावीत तशी. अनेक आधुनिक अभ्यासकांना वाटते की हे साम्य योगायोगाचे नाही. मदीनेत यहुदी राहत होते आणि हे शब्द त्यांच्या कानाच्या ओळखीचे होते. आयतीत लगेच पुढे वासराच्या पूजेचा उल्लेख आहे. तोंडाने 'करू' म्हणालात आणि वासरू पूजून त्याच शब्दाचा अर्थ 'मोडू' असा करून दाखवलात, असा तो टोला होतो. जुन्या मुफस्सिरांपैकीही काहींनी म्हटले आहे की 'असैना' हे त्यांनी जिभेने उच्चारले नाही, ते त्यांची करणी बोलली. पंधराव्या शतकातले मुफस्सिर अल-बिकाई यांनी तफसीर लिहिताना सरळ तौरात समोर ठेवली. त्यावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी आपल्या बाजूने स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणजे तो ग्रंथ उघडून पाहण्याची वाट आपल्या उलेमांनी तुडवलेली आहे.

तो उघडला की दिसते, की बनी इस्राईलवरचा हा आरोप सर्वात कठोरपणे त्यांच्याच नबींनी केला आहे, आणि तोही याच क्रियापदाने. यिर्मया नबी आपल्या लोकांना कान असून न ऐकणारे म्हणतात. 'त्यांनी ऐकले नाही' हे वाक्य त्यांच्या पुस्तकात पुन्हा पुन्हा येते. आणि त्या लोकांनी ते पुसले नाही. आपली निंदा त्यांनी पवित्र ग्रंथ म्हणून जपली आणि ते ती प्रार्थनास्थळात मोठ्याने वाचत आले.

आपल्या ग्रंथातही हा आरसा केवळ दुसऱ्याकडे वळवलेला नाही. सूरह अनफालच्या २०व्या आणि २१व्या आयतीत संबोधन ईमानवाल्यांना आहे. ज्यांनी 'आम्ही ऐकले' असे म्हटले आणि जे ऐकत नव्हते, त्यांच्यासारखे होऊ नका, असा तो इशारा आहे. इथे 'समिअना' एकटेच आहे, 'असैना' म्हणायचीही गरज उरलेली नाही. नुसते 'ऐकले' म्हणणे आणि न ऐकणे, हा धोका आपल्यालाच सांगितला आहे. आणि सूरह बकरा, जिच्यात बनी इस्राईलचे ते उत्तर आहे, तिच्या शेवटाकडे मोमिनांचे उत्तर येते : 'समिअना व अतअना', ऐकले आणि मानले. ते उत्तर आपल्या तोंडी दिले आहे, पण ते खरे करण्याचे काम अजून बाकी आहे. मुलीला वाटा देण्याची आज्ञा आपण ऐकली आहे. शेजाऱ्याच्या हक्काची ऐकली आहे. यतीमाच्या मालाची ऐकली आहे. यातले किती 'अतअना'मध्ये जमा होते आणि किती दुसऱ्या शब्दात, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हिब्रूने ऐकण्यासाठी आणि मानण्यासाठी दोन वेगळे शब्द केले नाहीत. मराठीनेही बोलताना केले नाहीत. म्हणूनच आपल्या आया 'ऐकलंस का?' असे विचारतात, तेव्हा नुसत्या 'हो'ने त्यांचे समाधान होत नाही. त्या मुलाच्या हाताकडे पाहतात, काम सुरू झाले का ते.